प्राण्यांच्या गोष्टीचं १६ पानी पुस्तक घरी बनवताय? चित्रं सगळ्यात शेवटी काढा

गेली काही वर्षं आई-बाबा, बालवाडीच्या ताई, कधी आजी-आजोबा मला त्यांनी मुलांसाठी हाताने बनवलेली पुस्तकं दाखवतात. प्रेमाने केलेली असतात आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकलेली असतात. आधी दहा-बारा सुंदर चित्रं काढून होतात, मग गोष्ट त्यात बसत नाही, मजकूर चित्रावर चढतो, शेवट एका पानात कोंबला जातो. आणि पान ३ वर कासव "म्हणालं" असतं ते पान ९ वर "म्हणाला" होतं. हे सगळं टाळता येतं, फक्त क्रम पाळायला हवा, म्हणून क्रमानेच लिहितोय.

हे ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीच्या, १६ पानी, ए-फाइव्ह साइजच्या (म्हणजे ए-फोर कागदाच्या निम्म्या) पुस्तकासाठी आहे. घरी एकच प्रत करा किंवा जवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून पन्नास काढा, पायऱ्या त्याच.

## आधी हे जवळ ठेवा

ए-फोरचे साधे कागद (किमान ८, कारण पहिली डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, फुकट जाणार हे धरून चला), पेन्सिल, खोडरबर, एक वही, लांब तोंडाचा स्टेपलर (नसला तर सुई-दोरा चालतो, उलट जास्त टिकतो) आणि आवाज रेकॉर्ड करायला मोबाइल. रंग अजून बाहेर काढू नका. रंग समोर असले की हात आपोआप चित्राकडे जातो आणि गोष्ट मागे राहते.

## १. वय आणि शब्द ठरवा

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पूर्ण पुस्तकात १५० ते २५० शब्द पुरतात, म्हणजे एका पानावर दोन-तीन छोटी वाक्यं. पाच-सहा वर्षांसाठी ४००-५०० पर्यंत जा. अंदाज हवा असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, तिथे पहिली लेव्हल साधारण २५० शब्दांपर्यंत आणि दुसरी ६०० पर्यंत असते. दोन्ही लेव्हलच्या पाच-पाच गोष्टी मोठ्याने वाचून बघा, वहीत काही न लिहिता, कान लगेच तयार होतो.

## २. प्राणी निवडा आणि त्याचं कार्ड भरा

इथे घाई करू नका, सगळं पुस्तक यावर उभं राहतं.

आपल्याकडे गोष्ट म्हटली की सिंह, कोल्हा, ससा, कासव एवढेच हातात येतात. पण शेकरू आहे, घोरपड आहे, साळिंदर, तरस, उदमांजर, मुंगूस, टिटवी, खवल्या मांजर, सगळे इथलेच आणि गोष्टीत फारसे न आलेले. मी पुढे सगळीकडे खवल्या मांजराचं उदाहरण घेणार आहे, कोकणात आहे ते, आणि बऱ्याच मुलांनी नावही ऐकलेलं नसतं.

एका कागदावर हे लिहा: राहतं कुठे, जागं कधी असतं, खातं काय, चालतं कसं, घाबरलं की काय करतं, पिल्लू कसं वाढतं, आवाज कसा. खवल्या मांजराचं कार्ड असं होईल. बिळात राहतं, रात्री फिरतं, मुंग्या आणि वाळवी खातं, जीभ लांब आणि चिकट, तोंडात दात नाहीत. अंगावर खवले, आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे. घाबरलं की गोळा होतं. पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं, आणि धोका आला की आई त्याला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती गोळा होते.

यातली शेवटची दोन वाक्यं वाचली आणि गोष्ट दिसायला लागली ना? कार्ड त्यासाठीच भरायचं. गोष्ट बाहेरून आणावी लागत नाही, बऱ्याचदा ती प्राण्याच्या अंगातच असते.

सांभाळा. ऐकीव गोष्टी कार्डावर आणू नका. साळिंदर काटे फेकून मारत नाही. नाग दूध पिणारा प्राणी नाही. सुगरणीचं घरटं नर विणतो, आणि झाडावरून कुहू कुहू करतो तो कोकीळ, म्हणजे नर, कोकिळा नव्हे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात तेव्हा मादी वाळूत अंडी पुरून परत समुद्रात जाते, पिल्लांची वाट बघत बसत नाही, त्यामुळे "कासवआईने पिल्लांना कुशीत घेतलं" हे सागरी कासवाच्या पुस्तकात नको. आईशिवाय समुद्राकडे धावणारी ती एवढीशी पिल्लं, हीच केवढी मोठी गोष्ट आहे, ती सोडून खोटी कूस कशाला?

## ३. बंटीची चाचणी

गोष्ट चार वाक्यांत लिहा. मग प्राण्याच्या जागी "बंटी नावाचा मुलगा" घाला आणि परत वाचा. काहीच बदललं नाही तर तुमच्या गोष्टीत प्राणी नाहीये, प्राण्याचा मुखवटा घातलेला मुलगा आहे. "छोटा ससा दात घासत नव्हता, आईने समजावलं, मग घासायला लागला" ही बंटीचीच गोष्ट. मूल तीन-चार वर्षांचं असलं तरी त्याला कळतं की हे आपल्यालाच सुनावणं चाललंय आणि ते पान उलटायच्या आत उठून जातं.

आता माझं उदाहरण. गोळू हे खवल्या मांजराचं पिल्लू. पहिल्यांदाच आईच्या शेपटीवरून उतरून एकटं चालतंय. मागून खस्स आवाज येतो, ते घाबरून गोळा होतं. उघडतं, चालतं, परत खस्स. गोळा झालं की काहीच दिसत नाही, त्यामुळे आवाज कोणाचा ते कधी कळतच नाही. शेवटी एकदा ते गोळा व्हायच्या आधी मान वळवून बघतं, तर पाचोळ्यावर त्याचीच शेपटी घासतेय. इथे बंटी घालून बघा, गोष्ट मोडते. म्हणजे पास.

## ४. तुमच्या जंगलाचे नियम लिहा

वहीत एक पान यासाठी ठेवा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. प्राणी आपापसात बोलतात का? माणसाशी बोलतात का? कपडे घालतात का? घर बिळात की दार-खिडकीवालं? आणि सगळ्यात अवघड, एकमेकांना खातात का?

कुठलंही उत्तर चालतं, पण एकदा दिलं की शेवटपर्यंत तेच. पान ४ वर वाघोबा आणि हरीण शेजारी आणि पान १२ वर वाघोबाला भूक लागली, तर मूल विचारणारच की मग हरणाला खाल्लं का. विचारलंच पाहिजे. गोळूच्या पुस्तकात मी ठरवलं: प्राणी बोलतात, कपडे नाहीत, बीळ खरंखुरं, आणि मुंग्या खाल्ल्या जातात म्हणून मुंग्या बोलत नाहीत. मुंगी एकदा बोलली की ती पात्र झाली, मग तिला खाताना मुलाच्या पोटात गोळा येतो.

## ५. तो, ती की ते?

मराठी पुस्तकं सगळ्यात जास्त इथे फसतात आणि बहुतेकांना पत्ताच नसतो.

आपल्या भाषेत प्राण्याचं नावच त्याचं व्याकरण घेऊन येतं. खार ती, घोरपड ती, पाल ती, सरडा तो, बेडूक तो, कासव ते, मुंगूस ते, घुबड ते, वटवाघूळ ते. मग तुम्ही कासवाला "दगडू" नाव ठेवता आणि भांडण सुरू होतं, कारण दगडू म्हणाला पण कासव म्हणालं. त्यात नातं घातलं की तिसरं रूप येतं, कासवआजोबा म्हणाले. एका परिच्छेदात तिन्ही आले की मोठा माणूस सांभाळून घेतो, पण भाषा शिकणारं मूल गोंधळतं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचं तर तो-ती-ते पुस्तकांवरूनच बरंचसं पक्कं होतं, तिथे ही चूक महाग पडते.

असं करा. वहीत प्रत्येक पात्रासमोर चार गोष्टी लिहा: प्राणी, नाव, क्रियापद कसं लागणार (आला, आली, आलं, आले), आणि कोण कोणाला तू म्हणतं, कोण तुम्ही. खारूताईला गोळू "अगं" म्हणेल, घुबडआजींना "अहो आजी" की "ए आजी", ते तुमच्या घरात जसं बोलतात तसं ठरवा, पण ठरवा.

माझा सल्ला, नपुंसकलिंगाला घाबरू नका. "ते" म्हणजे निर्जीव असं मराठीत अजिबात नाही. आपण बाळ झोपलं म्हणतो, लेकरू दमलं म्हणतो. वासरू, पाडस, करडू, कोकरू, शिंगरू, रेडकू, सगळी "ते". लहान आणि लाडकं सांगायला आपल्याकडे हे रूप आयतं आहे, आणि मूल मुलगा असो की मुलगी, त्याला त्यात स्वतःला बसवता येतं. म्हणून माझं गोळू पुस्तकभर "घाबरलं, उठलं, चाललं".

सुगरणीसारखी अडचण आली, म्हणजे शब्द "ती" आणि घरटं विणणारा "तो", तर "सुगरण पक्षी विणत होता" असं लिहा, वाक्यही नीट बसतं आणि माहितीही खरी राहते.

तपासणी. मजकुरातली फक्त क्रियापदं रंगीत पेनाने गोल करा आणि एका पात्राची एका दमात वाचा. चूक लगेच दिसते.

## ६. आधी बोला, मग लिहा

मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि समोर मूल आहे असं समजून गोष्ट सांगा, कागद न बघता, तीनदा. तिसऱ्यांदा जे आपोआप गळलं ते नको असलेलं, आणि जे तिन्ही वेळा आलं तेच तुमचं पुस्तक. तेच उतरवून घ्या. थेट लिहायला बसलं की हात "अत्यंत घनदाट अरण्यामध्ये वास्तव्य करणारे" असं काहीतरी लिहितो, तोंडातून असं कधी निघत नाही.

आवाजाचे आणि चालीचे शब्द मुक्तपणे वापरा, मराठीत याची खाणच आहे. खार तुरुतुरु पळते, साप सरसर जातो, ससा टुणटुण, हत्ती डुलत डुलत, बदक फताक फताक. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, वाघ डरकाळी फोडतो, "आवाज केला" हे सगळ्यांना लावू नका. आणि एक आवाज पुन्हा पुन्हा येऊ द्या. गोळूच्या गोष्टीत दर दोन पानांनी "खस्स... खस्स..." येतं आणि लगेच "झालं गोळा!". दुसऱ्या वाचनात मुलं तुमच्या आधी ओरडतात.

सांभाळा. शेवटी "म्हणून मुलांनो" लिहायचा मोह होईल. ते वाक्य लिहा, मोठ्याने वाचा आणि खोडा. गोष्टीत ते आधीच आलंय, आणि आलं नसेल तर वाक्य चिकटवून येणार नाही.

## ७. डमी करा, हे अजिबात चुकवू नका

चार ए-फोर कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा. १६ पानं मिळाली. कोपऱ्यात पेन्सिलने १ ते १६ आकडे टाका. १ मुखपृष्ठ, २ वर नावं आणि श्रेय, ३ वर गोष्ट सुरू, मग ४-५, ६-७ असे जोड १४-१५ पर्यंत, १६ मागचं पान. गोष्टीला १३ पानं आली. पानं वाढवायची तर चाराच्या पटीतच वाढतात, १८ पानी पुस्तक असं होत नाही, ही तक्रार छपाईच्या दिवशी नेहमी ऐकू येते.

आता मजकूर कापा आणि पानांवर नुसता ठेवून बघा, चिकटवू नका. तुम्हाला एकच गोष्ट सांभाळायची आहे, पान उलटण्याचा क्षण. विषम आकडा नेहमी उजव्या पानाला येतो. प्रश्न, आवाज, भीती, जे काही मुलाला पुढे ओढतं ते उजव्या पानाच्या तळाशी, आणि उत्तर उलटल्यावर डावीकडे. गोळूने मान वळवली हे पान ११ वर, शेपटी दिसली हे १२ वर. हेच मी आधी १२ आणि १३ वर ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही एकदम समोर, आणि सगळी मजाच गेली होती. एक पान सरकवलं आणि गोष्ट जागी झाली.

मग प्रत्येक पानावर काडीची चित्रं काढा, अंगठ्याएवढी. एखाद्या पानावर काय काढायचं सुचत नसेल तर त्या पानावर काही घडतच नाहीये, पान रद्द करा किंवा शेजारच्यात मिसळा. आणि मजकुरात "गोळू झाडाच्या पिवळ्या पानावर उभं होतं" असेल आणि चित्रातही तेच दिसणार असेल तर शब्द काढून टाका.

तपासणी. चारही कागद सुटे करून बघा. एका कागदाच्या एकाच बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ यायला हवी: १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३, ४ आणि १३, तसंच पुढे ८ आणि ९ पर्यंत. बेरीज चुकली तर छापून दुमडल्यावर गोष्ट उलटीपालटी होणार.

## ८. चित्रांच्या आधी मुलांना वाचून दाखवा

हीच काडीची डमी घेऊन चार-पाच मुलांसमोर बसा, त्यातली एक-दोन घरातली नसलेली हवीत, घरची मुलं तुमच्यासाठी ऐकून घेतात. "आवडलं का?" विचारू नका, सगळी हो म्हणतात. फक्त बघा. मूल कुठे चुळबुळलं, कुठे पुढे सरकलं, कुठे मध्येच बोललं, त्या पानावर खूण करा. वाचून झाल्यावर त्यालाच गोष्ट सांगायला लावा. ते जे विसरलं ते कमकुवत, आणि जे त्याने स्वतःचं घातलं ते बरेचदा तुमच्यापेक्षा चांगलं असतं, घेऊन टाका. डमी बदला, परत वाचा. मी किमान दोन फेऱ्या करतो. रंगवलेलं पान फाडायला जीव होत नाही, पेन्सिलचं पान सहज फाडता येतं, म्हणून हे आत्ताच.

## ९. आता चित्रं

पहिल्यांदा पुस्तकाचं पान नाही, पात्राचा तक्ता. एकाच कागदावर गोळू समोरून, बाजूने, मागून, गोळा झालेलं, घाबरलेलं, खूश. त्याशेजारी आई, म्हणजे उंचीचा हिशेब राहतो. हा तक्ता भिंतीवर लावून मगच पानं काढा, नाहीतर पान ३ वर खवल्यांच्या पाच रांगा आणि पान १० वर नऊ. मुलं मोजतात, खरंच मोजतात. कॉम्प्युटरला सांगून चित्रं काढून घेत असाल तर तिथे ही भानगड अजून जास्त, प्रत्येक पानावर प्राणी थोडा वेगळाच येतो, तक्त्याशी ताडून बघा.

कार्ड परत काढा. खवल्या मांजराला दात नाहीत, म्हणून दात दाखवून हसणारं गोळू नको, आनंद शेपटीतून आणि डोळ्यांतून दाखवा. प्राणी रात्रीचा आहे म्हणजे सगळी पानं रात्रीची, पण सगळं काळं केलं तर छपाईत चिखल होतो. गडद निळा, जांभळा, चंद्राचा उजेड, काजवे असं काहीतरी घ्या.

डोळा, चेहरा, मजकूर यातलं काहीही दोन पानांच्या मधल्या घडीवर येऊ देऊ नका, दोन्ही बाजूंनी सेंटीमीटरभर सोडा. बाहेरच्या कडांना रंग ३ मिलिमीटर जास्त जाऊ द्या, कापताना पांढरी रेघ दिसत नाही. मजकुराची जागा चित्र काढतानाच मोकळी ठेवा.

इंटरनेटवरून उचललेलं चित्र एका घरगुती प्रतीतही वापरू नका, मुलांना दुसऱ्याचं काम असं उचलायचं असतं हे शिकवायचंय का? स्टोरीवीव्हरवरची बहुतेक चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत, चित्रकाराचं नाव आणि परवाना पान २ वर लिहून ती वापरता येतात.

## १०. अक्षरं

फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्त (Mukta) किंवा बलू (Baloo) हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लहान मुलांना वाचायला मोकळे आहेत. साइज १८ ते २२ पॉइंट, आणि दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर, आपल्याकडे वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार दोन्हीला जागा लागते, इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत शिरतो.

मुलं शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतात. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपोआप बदलतात, नाही बदलले तर फॉन्ट बदला. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल तर त्यातली वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर ही सेटिंग चालू आहे ना विचारा, नाहीतर वेलांटी आणि रफार भलतीकडे जातात. जुन्या (युनिकोड नसलेल्या) फॉन्टमधून कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात तर "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "कोल्ह्याच्या" असे शब्द एकेक करून तपासा, मोडतात ते हेच.

तपासणी. पीडीएफ तयार झाल्यावर दुसऱ्या कोणालातरी ती शेवटच्या पानापासून उलटी वाचायला द्या. उलटं वाचलं की गोष्टीचा ओघ नसतो आणि चुकलेलं अक्षर डोळ्यात भरतं.

## ११. छपाई

आतला कागद १३० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप), कव्हर २५० ते ३००, सेंटर पिन बाइंडिंग, म्हणजे मधल्या घडीवर पिना. कव्हर या १६ पानांच्या बाहेर वेगळ्या जाड कागदाचं घेतलं तर आतली १६ पानं पूर्ण गोष्टीला मिळतात, पण मग डमी तशी परत करा, आकडे सरकतात. प्रिंटवाल्याला पानं १ ते १६ सरळ क्रमाने द्या, जोड्या तो लावतो, तुम्हीही लावल्या आणि त्यानेही लावल्या की सगळी ऑर्डर वाया.

आधी एकच प्रत काढा. रंग स्क्रीनपेक्षा मंद आणि गडद येतात, रात्रीच्या पानांवर हमखास. ती प्रत मुलाच्या हातात द्या आणि दोन दिवस राहू द्या. पिनेची टोकं आत नीट दुमडलीत का, कोपरे टोचतात का (कोपरे गोल कापून मिळतात, सांगावं लागतं), पान ओढल्यावर मधली घडी सुटते का, हे ते मूल तुम्हाला आपोआप सांगेल. विकायचा विचार असेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, पण तो छपाईच्या आधी घ्या, नंतर स्टिकर लावत बसावं लागतं. बाकीच्या प्रती त्यानंतर.